दुर्बिणीची तपासणी: घरची तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नंतरचं जेवण

पोटाची दुर्बीण अर्धवट राहते, तेव्हा गडबड बहुतेक वेळा आदल्या दोन दिवसांत घरीच झालेली असते. नागपुरात विदर्भातून तर पेशंट येतातच, शिवाय बालाघाट-छिंदवाड्याहूनही येतात. एवढा प्रवास करून टेबलावर आडवं झाल्यावर आतड्यात डाळीची सालं दिसतात आणि पुढची तारीख मिळते. हे टाळायचं असेल तर खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीत वेगळं काही लिहिलं असेल, तर चिठ्ठीचंच ऐकायचं.

## १. आधी विचारा: वरची की खालची?

वरची दुर्बीण, म्हणजे गॅस्ट्रोस्कोपी, तोंडातून जाते आणि अन्ननलिका, जठर व लहान आतड्याची सुरुवात पाहते. तिला फक्त रिकामं पोट लागतं. खालची, म्हणजे कोलोनोस्कोपी, गुदद्वारातून जाते आणि साधारण दीड मीटर लांबीचं मोठं आतडं पाहते. तिला आतडं धुऊन काढावं लागतं, नुसत्या उपाशी राहण्याने काहीच साधत नाही. "रात्रीपासून पाणीसुद्धा नाही घेतलं जी" असं मोठ्या अभिमानाने सांगणारे काका खालच्या तपासणीसाठी आलेले असतात, आणि जुलाबाची पावडर घरी कपाटातच राहिलेली असते. दोन्ही तपासण्या एकाच दिवशी असतील तर तयारी खालच्या तपासणीची करायची.

तपासा: चिठ्ठीवर तपासणीचं नाव, वेळ, पावडरचं नाव आणि "पाणी कधी बंद करायचं" या चार गोष्टी आहेत का? एखादी नसेल तर काउंटरवरून उठण्याआधीच विचारून घ्या.

## २. तारीख घेताना: औषधं आणि आजार सांगा

ही पायरी लोक सगळ्यात घाईत उरकतात आणि सगळ्यात जास्त धोका याच पायरीत असतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. "बीपीची एक पांढरी गोळी" एवढ्यावर कोणालाच काही ठरवता येत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन यांपैकी काही चालू असेल तर ते सांगायलाच हवं. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, कापायची वेळ आली तर रक्तस्राव होऊ शकतो. पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं त्याहून वाईट. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून क्लोपिडोग्रेल थांबवली तर स्टेंट बंद पडू शकतो. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, थांबवायची तरी की नाही, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं. नुसती अॅस्पिरिन असेल तर बहुधा चालूच ठेवतात.

लोहाच्या गोळ्या. या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. त्यांच्यामुळे शौच काळी आणि चिकट होते, आतड्याच्या भिंतीला चिकटून बसते आणि पावडरने पूर्ण निघत नाही. रक्त कमी आहे म्हणून तपासणी लिहून दिलेली असते आणि रक्त कमी म्हणूनच या गोळ्याही चालू असतात, त्यामुळे हा घोळ वारंवार होतो.

मधुमेह. जेवण कमी होणार म्हणजे औषधंही बदलणार. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. इन्सुलिनचा डोस किती कमी करायचा, हे लिहूनच घ्या. सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

किडनी. किडनीचा त्रास असलेल्यांनी फॉस्फेट असलेलं जुलाबाचं औषध घेऊ नये. मेडिकल स्टोअरवाल्याने "हे छोटं आहे, प्यायला सोपं" म्हणून बदलून दिलं तरी नको. औषध चिठ्ठीत आहे तेच आणायचं.

सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो. जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या रुग्णाला दुखण्याचा झटका येऊ शकतो. घरात कोणाला हा आजार असेल आणि स्वतःची तपासणी झालेली नसेल, तर तेही बोलून ठेवा. अशा रुग्णाला आदल्या दिवशी भरती करून सलाईनवर तयारी करून घेता येते.

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. वरच्या दुर्बिणीसाठी दातांमध्ये प्लास्टिकचं कडं बसवतात आणि त्यातून नळी सरकवतात. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड आतून कडक होऊन हळूहळू उघडेनासं होतं. आरशासमोर उभे राहा आणि स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघा. तीन जात नसतील तर हे तारीख घेतानाच सांगा, टेबलावर कळलं तर उशीर झालेला असतो. शिवाय तोंड उघडत नाही ही स्वतंत्र तक्रार आहे, ती मुखरोग तज्ज्ञाला दाखवायचीच.

गर्भारपण, पेसमेकर, झोपेत घोरण्यासोबत श्वास अडकणं, कोणत्या औषधाची अॅलर्जी हेही सांगायचं. पाळी आली म्हणून तपासणी पुढे ढकलण्याची गरज नाही.

सावध: तपासणीआधी दोन गोष्टी स्वतःहून बदलू नका. पहिली, सिलिअॅक, म्हणजे गव्हाने आतड्याच्या अस्तराला इजा करणारा आजार आहे अशी शंका असेल तर तपासणीपर्यंत पोळी खात राहा. गहू आधीच सोडला तर रक्ताची तपासणी आणि आतड्याचा तपासायला घेतलेला छोटा तुकडा दोन्हीही खोटे नॉर्मल येऊ शकतात. दुसरी, एच पायलोरी या जंतूसाठी तुकडा घेणार असतील तर अॅसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या साधारण २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं. पण अल्सरमधून रक्त जाऊन गेलेल्याने डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायची नाही.

## ३. दोन-तीन दिवस आधी: चोथा कमी (खालच्या तपासणीसाठी)

एरवी आम्ही आहारतज्ज्ञ "चोथा खा, सालासकट खा" म्हणून कानी कपाळी ओरडत असतो. या दोन दिवसांत बरोबर उलटं करायचं. पोट रोज साफ होणाऱ्याला आदला एक दिवस पुरतो. बद्धकोष्ठता, जुना मधुमेह, पोटाचं जुनं ऑपरेशन किंवा मागची तयारी फसलेली असेल तर २ ते ३ दिवस पाळा.

चालेल ते: पांढरा भात, मुगाच्या धुतलेल्या डाळीचं पातळ वरण गाळणीतून गाळून, इडली, साल काढून उकडलेला बटाटा, दही, ताक, उकडलेलं अंडं, पांढऱ्या ब्रेडचा टोस्ट, गाजर-मिरची न घालता केलेला साधा उपमा. वरणाला तूप, हळद, हिंग, मीठ. जिरे-मोहरीची फोडणी नको, वरून कोथिंबीरही नको. चव लागत नाही, हे खरं आहे.

टाळायचं ते आपल्या ताटात रोजच असतं:

- जवस, तीळ, खसखस. जवसाची चटणी आणि सावजी रस्सा दोन्ही या यादीत येतात. एवढ्याशा बिया दुर्बिणीच्या ओढून घ्यायच्या नळीत अडकतात, मग पाणी मारून आतडं धुताही येत नाही.
- तर्री पोहे. तर्रीतल्या हरभऱ्याची सालं चोवीस तासांनीसुद्धा तशीच्या तशी दिसतात.
- ज्वारीची भाकरी, कोंड्याची पोळी, झुणका, ठेचा.
- अंबाडी, पालक, मेथी, भेंडी, वांगं, टमाटर.
- पेरू, सीताफळ, डाळिंब आणि संत्रं.

सावध: याला उपास समजू नका. "उद्या तपासणी आहे म्हणून आज उपासाचंच खाल्लं" असं म्हणत साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेल्या काकू दर आठवड्याला भेटतात. त्या खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट आतड्याच्या प्रत्येक वळणावर चिकटलेलं असतं. भगर आणि राजगिराही नको.

## ४. आदला दिवस: आरपार दिसेल तेच

सकाळी वरच्या यादीतला हलका नाश्ता. दुपारचं जेवण चिठ्ठीत असेल तरच, तेही बाराच्या आत, थोडा वरण-भात. त्यानंतर घन काही नाही.

पातळ पदार्थ कोणता चालेल याची कसोटी सोपी आहे: काचेच्या ग्लासात ओता आणि मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली तर प्या. पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा, मीठ-साखरेचं पाणी, डाळीचं वरचं गाळलेलं पाणी या कसोटीला उतरतात. दूध, ताक, पेज, आंबील उतरत नाहीत. संत्र्याचा रस नागपुरात सगळ्यांना हलका वाटतो, पण त्यात गर असतो आणि अक्षरं दिसत नाहीत. नको.

लाल आणि जांभळं काहीच नको, गाळलेलं असलं तरी. गुलाबाचं सरबत, डाळिंबाचा रस, बीट आतड्यात रक्तासारखे दिसतात.

दिवसभरात अडीच-तीन लिटर पातळ पोटात गेलं पाहिजे. हृदय किंवा किडनीच्या रुग्णाला पाणी मोजून दिलेलं असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, जुलाब सुरू होण्याआधीच अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. उन्हाळ्यात या दिवशी दुपारी घराबाहेर पडू नका, आणि टाकीत पाणी आहे ना तेही बघून ठेवा. रात्री नळ कोरडा पडला तर फजिती होते.

मधुमेह असणाऱ्यांनी साखर ३-४ तासांनी मोजायची. ७० च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तपासणी बिघडेल म्हणून साखर न घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि साखरेचं पाणी आरपार दिसतंच.

## ५. पावडर: पाणी मोजून, दोन भागांत

पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर सगळ्यात जास्त लिहून देतात. मोठी पुडी बहुधा २ लिटर पाण्यासाठी असते. पुडीवरचा आकडा वाचा. ही पावडर पाणी आतड्यातच धरून ठेवते आणि तेच पाणी सगळं वाहून नेतं. म्हणून कमी पाण्यात कालवून "एकदाचं उरकलं" की काम निम्मंच होतं. अंदाजे तांब्याने मोजू नका. एक लिटरची पाण्याची बाटली दोनदा भरून भांड्यात ओता, पावडर घाला, पूर्ण विरघळेपर्यंत हलवा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांच्या आत संपवा.

सगळी पावडर आदल्या रात्रीच संपवण्याची जुनी पद्धत अजूनही कानोकानी सांगितली जाते. रात्री आतडं साफ झालं तरी पहाटेपर्यंत लहान आतड्यातून पिवळा पाझर खाली येऊन उजव्या बाजूला थर धरतो, आणि चपटे पॉलिप तिथेच लपतात. म्हणून निम्मी पावडर रात्री आणि निम्मी सकाळी. सकाळी दहाची वेळ असेल तर असं:

१. संध्याकाळी ७ ते ८: पहिला लिटर. दर १५ मिनिटांनी पाव लिटरचा एक ग्लास, असे चार.
२. ८ नंतर झोपेपर्यंत: साधं पाणी किंवा नारळपाणी दोन-तीन ग्लास.
३. पहाटे ५ ते ६: दुसरा लिटर, त्याच चालीने.
४. ६ ते ८: एक-दोन ग्लास साधं पाणी. ८ नंतर पाणीही बंद.

झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर काही ठिकाणी पाणी आणखी आधी बंद करायला सांगतात. तसं असेल तर पहाटेचा लिटर तेवढा आधी प्या, टाळू नका. दुपारची वेळ असेल तर दोन्ही भाग सकाळी घेता येतात का, ते विचारा.

चव खारट-गुळमट, किळसवाणी असते. थंडगार करून, स्ट्रॉने जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्या. दोन ग्लासांमध्ये लिंबाची फोड चाटा. त्यात दूध, सरबताची पावडर किंवा इनो मनाने मिसळू नका. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा छोट्या घोटांनी सुरू करा. उलटीची गोळी आधीच लिहून घेतलेली बरी, रात्री नऊला डॉक्टर शोधत बसावं लागत नाही.

पहिल्या ग्लासनंतर पहिला जुलाब व्हायला तास-दोन तास लागू शकतात. आठ-दहा जुलाबांनंतर जागा सोलवटते. सुरुवातीपासूनच प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत खरी भीती पडण्याची असते. पहाटे पाचला चक्कर येऊन ओल्या फरशीवर पाय घसरतो. बाथरूमचा दिवा चालू ठेवा, आतून कडी लावू देऊ नका आणि घरातलं कोणीतरी जागं राहा.

सावध: पावडर सुरू केल्यावर एसटीत बसायचं नाही. चंद्रपूर नागपूरपासून दीडशे किलोमीटर आहे, गडचिरोली त्याहून लांब. बाहेरगावच्या पेशंटने आदल्या दुपारीच नागपुरात पोचावं, नातेवाइकाकडे किंवा दवाखान्याजवळच्या लॉजवर, आणि खोलीला लागून संडास आहे ना हे आधी बघावं. सकाळचा लिटर ज्यांचा चुकतो, ते बहुतेक प्रवासात असलेलेच असतात.

लगेच फोन करा: पोट टम्म फुगलं, उलट्या थांबत नाहीत, पहिला लिटर संपून ३ तास झाले तरी एकही जुलाब नाही, छातीत दुखतंय, किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटतंय. आतड्यात कुठे अडथळा असेल तर पुढचा लिटर पिणं धोक्याचं आहे.

## ६. निघण्याआधी: रंग बघा

किती वेळा जाऊन आलात याला महत्त्व नाही, शेवटच्या वेळी काय आलं ते बघा.

तपकिरी आणि गढूळ: तयारी झालेली नाही. पिवळं पण तळाशी कण: अजून थोडं पाणी प्या, तासाभराने परत बघा. लघवीसारखं पिवळं, आरपार, भांड्याचा तळ दिसतोय: निघा.

लाज न बाळगता मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. सिस्टरांना "साफ झालं" असं सांगण्यापेक्षा फोटो दाखवला की त्यांना पटकन ठरवता येतं. अजून गढूळच असेल तर तसं आल्याआल्या सांगा. वेळ असली तर एनिमा देतात किंवा नंबर पुढे ढकलतात.

## ७. वरच्या दुर्बिणीची तयारी

ही थोडक्यात होते. आदल्या रात्री हलकं जेवण, त्यानंतर घन पदार्थ किमान ६ ते ८ तास नाही, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. जेवलं की पोट तासन्‌तास भरलेलं वाटत असेल किंवा उलटीत आदल्या दिवशीचं जेवण पडत असेल तर जास्त वेळ उपाशी ठेवतात, ते सांगून विचारा.

"काहीच खाल्लं नाही मॅडम, फक्त खर्रा घोटला होता." हे वाक्य तपासणीच्या खोलीबाहेर रोज ऐकू येतं. सुपारीचा चुरा जठराच्या भिंतीवर विखुरलेला दिसतो, आणि झोपेचं इंजेक्शन दिल्यावर तो ठसक्याने श्वासनलिकेत जाऊ शकतो. खर्रा, पान, गुटखा, बिडी रात्रीपासूनच बंद. कवळी, हलणारा दात, नथ आधीच काढा किंवा सांगा.

नळी जाताना गिळायला सांगतात, त्यानंतर नाकाने शांत श्वास घ्यायचा आणि लाळ बाहेर गळू द्यायची. ती गिळायला गेलात तर ठसका लागतो. तपासणीला ५ ते १० मिनिटं लागतात.

## ८. दवाखान्यात

बीपी आणि थायरॉइडच्या गोळ्यांचं काय करायचं ते आधी विचारलेलं असेल. घ्यायला सांगितल्या असतील तर पहाटे एका घोटासोबत. लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणाऱ्या बीपीच्या गोळ्या मात्र या दिवशी बहुधा टाळायला सांगतात.

जुने रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड सोबत ठेवा. सरकारी योजनेतून करायचं असेल तर तपासणी किंवा उपचार त्यात बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तारीख घ्यायच्या दिवशीच विचारायचं. सकाळी रांगेत उभं राहून ते सुटत नाही.

सोबत एक धडधाकट माणूस हवाच. झोपेच्या इंजेक्शननंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, स्टॅम्पपेपरवर सही करायची नाही, गॅससमोर एकट्याने उभं राहायचं नाही. "मला तर पूर्ण जाग आहे" असं वाटतं, आणि तासाभरापूर्वी डॉक्टर काय बोलले ते आठवत नसतं. म्हणूनच डॉक्टर बोलतील तेव्हा सोबतच्या माणसाला आत बोलवा.

## ९. तपासणीनंतरचे पहिले दोन दिवस

घशात फवारा मारला असेल तर बधिरपणा जाईपर्यंत, साधारण अर्धा ते एक तास, काहीच नाही. मग आधी पाण्याचा एक घोट. ठसका लागला नाही तर पुढे कोमट चहा, मऊ भात.

खालच्या तपासणीनंतर पोटात हवा भरलेली असते. चालत राहा, हवा सोडा, लाजू नका. पहिलं जेवण वरण-भात, दही-भात. खूप दिवसांनी सुटका झाली म्हणून थेट सावजीकडे वळू नका. दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं जेवण चालतं. नुसता तुकडा तपासायला घेतला असेल तरी हेच.

पॉलिप काढला असेल तर दोन आठवडे जपा, कारण उशिरा रक्तस्राव या काळात होऊ शकतो. जड उचलणं आणि लांबचा प्रवास किती दिवस नको, ते विचारून घ्या. यकृताच्या आजारात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांना रबरबँड लावले असतील तर पहिला दिवस पातळ, पुढचे काही दिवस मऊ आणि गार: पापड, शेंगदाणे, चिवडा, भाकरीची कड नको. बँड गळून पडतात तिथे जखम राहते, आणि तिथून दोन आठवड्यांपर्यंत रक्त येऊ शकतं.

थेट दवाखाना गाठा: ताप, वाढत जाणारी पोटदुखी, दगडासारखं कडक पोट, डांबरासारखी काळी शौच, दोन-चार चमच्यांपेक्षा जास्त रक्त, रक्ताची उलटी, छातीत किंवा मानेत दुखणं, श्वास लागणं. "उद्या सकाळी बघू" म्हणण्यासारखं यात काहीच नाही.

## १०. रिपोर्ट वाचताना

खालच्या दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. एक, नळी "सीकम" म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली का. दोन, तयारीला किती गुण मिळाले. बोस्टन मापनात आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. प्रत्येक भागाला किमान २ असतील तर तपासणी भरवशाची. एखाद्या भागाला १ असेल तर "नॉर्मल" शब्दावर समाधान मानू नका, पुन्हा कधी करायची ते विचारा. तुकड्याचा रिपोर्ट वेगळा येतो, तो घ्यायला जायचं विसरतात. पॉलिपचा प्रकार त्यातच कळतो आणि पुढची दुर्बीण कधी, हे त्यावरच ठरतं.

## ११. रिपोर्टप्रमाणे जेवण बदला, एका वेळी एकच गोष्ट

सगळं एकदम सोडलं की कशाने बरं वाटलं ते कळत नाही आणि माणूस आयुष्यभर दही-भातावर राहतो. आठवड्याला एक बदल, वहीत नोंद.

अन्ननलिकेत आम्लाने सूज. रात्रीचं जेवण झोपण्याच्या ३ तास आधी. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांनी १५-२० सेंटीमीटर उचला. दोन उश्या घेतल्या की नुसती मान वाकते आणि पोट दबतं. डाव्या कुशीवर झोपा. पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, कारण जेवणानंतर घेतली तर तिचा जोर बराच वाया जातो. तिखट सगळ्यांनाच बाधतं असं नाही. बाधत असेल तर रात्रीचं तिखट आधी सोडा.

एच पायलोरी. औषधांचा कोर्स, बहुधा १४ दिवसांचा, पूर्ण करायचा. बरं वाटलं म्हणून सहाव्या दिवशी सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत. कोर्सनंतर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेला का ते बघा, त्याआधी २ आठवडे आम्लाची गोळी बंद.

मूळव्याध, फिशर (गुदद्वाराची चीर), बद्धकोष्ठता. चोथा वाढवायचा, पण हळूहळू आणि पाण्यासोबत. ज्वारीची भाकरी, भाज्या, पेरू परत आणा. इसबगोल एका पूर्ण ग्लास पाण्यात घेऊन लगेच प्यायचा. कोरडा फाकला तर घशातच फुगतो.

आतडं अरुंद झालं असेल (क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार, किंवा क्षयरोगानंतर). इथे चोथ्याचा सल्ला उलटतो. सालं, बिया, रेशेदार भाज्या नकोत. संत्र्याची फोड पातळ सालीसकट गिळू नका. ती पचत नाही, गोळा होऊन अरुंद जागेत अडकू शकते. गाळलेला रस चालतो.

संवेदनशील आतडं, म्हणजे आयबीएस. दुर्बीण नॉर्मल आणि पोट मात्र फुगलेलं. कांदा, लसूण, हरभरा, राजमा, गहू, दूध ४ ते ६ आठवडे कमी करून बघा. आराम पडला की एकेक परत आणा, आधी थोडं, तीन दिवस थांबून पुढचं. हे जेवण कायमचं नाही. कायमचं केलं तर शरीराला लागणाऱ्या गोष्टी कमी पडतात. कांदा न घालता चव हवी असेल तर हिंग वापरा.

सिलिअॅक. गहू, रवा, मैदा, शेवया, जव हे आयुष्यभर बंद. तांदूळ, ज्वारी, बाजरी चालतात, म्हणून विदर्भातल्या घराला हे जमण्यासारखं आहे. पण तीन जागी चूक होते. पहिली, चक्की: गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की पिठात गहू येतो, म्हणून घरचीच छोटी चक्की किंवा निवडलेली ज्वारी मिक्सरवर. दुसरी, हिंग: बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो, तेव्हा आयबीएसवाल्यांना सांगितलेला उपाय इथे डबीवरचं वाचूनच. तिसरी, घरचा तवा आणि पोळपाट. पोळी लाटलेल्या पोळपाटावर भाकरी थापली तर पथ्य मोडलंच. सिलिअॅकच्या माणसाचा तवा, पोळपाट, परात वेगळी करा, त्यावर लाल रंगाचा ठिपका मारा, आणि रक्तातली अँटिबॉडी साधारण सहा महिन्यांनी तपासून बघा. आकडा उतरत नसेल तर गोळ्यांआधी स्वयंपाकघर पुन्हा तपासा.